सहा नंबरचा पाला

मगनशेठने निरगुडी तोडायचं ठरवलं ते होळीच्या दुसऱ्या दिवशी, आणि ते सांगितलं नेमकं राघोला. राघो त्या वेळी हातात टमरेल घेऊन चाळीच्या मागून परत येत होता. अशा वेळी माणूस वाद घालू शकत नाही, हे मगनशेठला ठाऊक असावं. चाळीत अठ्ठावीस खोल्या. बाकीच्या सत्तावीस भाडेकरूंना तो ऑफिसात खुर्ची देऊन बोलायचा, राघोला मात्र असाच कुठेतरी गाठायचा.

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या त्या चाळीच्या टोकाला, राघोच्या भिंतीलगत, दीड खोलीएवढी मोकळी जागा होती. तिथे शेठला पत्र्याची शेड टाकून दोन लूम बसवायचे होते. मुहूर्त आखाजीचा, म्हणजे चाळीतल्या खानदेशी लोकांच्या अक्षय्य तृतीयेचा. गुजराती लोकांचीही ती अखात्रीज, तेव्हा दिवसाबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत होतं. अडचण फक्त निरगुडीची होती. ती जागेच्या बरोबर मधोमध उभी होती, दीड पुरुष उंच, चहूबाजूंनी फुटलेली, आणि तिला हलायला सांगण्यात अर्थ नव्हता.

राघोने घरी येऊन बायकोला हे हळूच सांगितलं. म्हणजे त्याच्या मते हळूच. सतरा वर्षं लूमच्या खडखडाटात बारा-बारा तास काढून त्याचे कान बसले होते, त्यामुळे त्याची कुजबुज पाचव्या खोलीपर्यंत ऐकू जायची. प्रमिलाबाईने भाकरी थापता थापता ऐकलं, आणि सगळ्या चाळीनेही.

ती निरगुडी प्रमिलाबाईने अमळनेरजवळच्या माहेराहून आणली होती. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला ती माहेरी गेली, आणि येताना विहिरीजवळच्या झाडाची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून उधना स्टेशनला उतरली. त्याला सोळा वर्षं झाली. माहेरची भांडी चेपली, साड्या विरल्या, पाट्याचा कोपरा उडाला. निरगुडी तेवढी वाढत गेली. लूमवर उभं राहून ज्यांचे गुडघे आखडायचे ते सगळे तिच्याकडे पाल्याला यायचे. पाला उकळून वाफ घ्यायची, नाहीतर एरंडेल लावून तव्यावर गरम करून बांधायचा. चाळीतल्या बाकी बायका नवऱ्याच्या नाहीतर पोरांच्या नावाने ओळखल्या जायच्या. तिला मात्र सगळे प्रमिलाबाई म्हणायचे, आणि ते त्या झाडामुळे. झाड गेलं की आपण अठ्ठावीस बायकांतली एक होणार, हे तिला पक्कं माहीत होतं आणि त्याची तिला भीती वाटत होती.

ती पदर खोचून शेठच्या ऑफिसात गेली. मगनशेठ गादीवर बसला होता आणि त्याच्या गालात पान होतं. त्याच्या गालात पान नाही असं कधी कोणी पाहिलं नव्हतं. समोर ठेवलेलं पान तो कोणाचं आहे ते न विचारता उचलायचा. एकदा कोणाच्या तरी सत्यनारायणाला पूजेतलंच त्याने तोंडात टाकलं होतं, आणि भटजींना मंत्र थांबवावा लागला होता. प्रमिलाबाईने झाडाच्या गुणांबद्दल जे जे होतं ते सांगितलं. शेठने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बेन, नगोड तो नहेरना किनारे बधे उगे छे. आमां जुदूं शुं छे, ए कागळ पर बतावो."

निरगुडी काय, कालव्याच्या कडेला हवी तेवढी उगवते, हिच्यात वेगळं काय आहे ते कागदावर दाखवा, म्हणजे शेडचं काय ते बघू. गेल्या दोन-तीन वर्षांत म्युनिसिपालटीने सुरतेत जो झाडू फिरवला होता आणि कागद नसलेली बांधकामं पाडली होती, त्यापासून मगनशेठचा कागदावर फार विश्वास बसला होता.

कागद कुठे मिळतो हे काशिनाथला माहीत होतं. काशिनाथ चाळीतल्या नवव्या खोलीत राहायचा आणि एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. अ‍ॅसिडने भोकं पडलेला खाकी शर्ट तो सणालाही घालायचा, कारण त्या भोकांवरून माणसाची विद्या कळते असं त्याचं मत होतं. तो दारात येऊन म्हणाला, "वहिनी, आमन्या अलका मॅडम निरगुडीवरच पीएचडी करी ऱ्हायन्यात. पाल्यामधलं तेल काढतस, आत काय काय शे ते लिखतस. शिक्क्याना कागद देतीन."

अलका मॅडम रविवारी आल्या. बाई पुण्याकडची, नवरा बँकेत, बोलणं स्वच्छ, आणि नाक कायमचं चोंदलेलं. प्रयोगशाळेतल्या वाफांनी त्यांना बारमाही सर्दी जडली होती. त्यांनी झाडाभोवती टेप धरला, पानं मोजली, एक डहाळी वर्तमानपत्रात दाबून ठेवली आणि वहीत लिहिलं: नमुना क्रमांक सहा, गोडादरा. पाच ठिकाणच्या निरगुड्या त्यांनी आधीच तपासल्या होत्या. त्या पाचही एकमेकींसारख्या निघाल्या म्हणून त्यांचे मार्गदर्शक दिलीप सर त्यांच्यावर जरा नाराजच होते. बाईंनी प्रमिलाबाईला सांगितलं की एक किलो पाला हवा, सावलीत वाळवलेला आणि जाडसर कुटलेला, आणि त्यात दुसरं काहीही मिसळायचं नाही.

प्रमिलाबाईला ते लागलं. "मी काय दूधवाली शे का ताई, मिसळाले?" ती म्हणाली, आणि तरीही चहात साखर जास्तच घातली.

काम मोठं होतं, तेव्हा तिने ते रीतसर करायचं ठरवलं. तिची आजी गावात औषध द्यायची. झाडाला न विचारता पाला ओरबाडला तर तो नुसता पाला असतो, त्याचा गुण झाडातच राहतो, हे आजीने तिला शिकवलं होतं. आदल्या दिवशी झाडाला विडा द्यायचा, नेवतं म्हणजे आमंत्रण द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी उजाडता पाला घ्यायचा. एका गुडघ्यापुरता पाला असला तर एक विडा पुरतो. इथे तर कॉलेजात जायचं होतं, शिकलेल्या लोकांसमोर. तिने अकरा फांद्यांना अकरा विडे द्यायचं ठरवलं, आणि प्रत्येक विड्याला एका लवंगेऐवजी दोन. मानाच्या ठिकाणी हात आखडता घेणं तिला जमत नसे.

शनिवारी संध्याकाळी राघो पर्वत पाटियाच्या नाक्यावरून पानं, सुपारी आणि लवंगा घेऊन आला. प्रमिलाबाईने विडे बांधले, एकेक फांदीला दोऱ्याने लावले, हळदकुंकू वाहिलं, आणि पदर डोक्यावर घेऊन झाडाशी बोलली. "उद्या तुले न्याले येसू. अलकाताईना कामले चाल. राग धरू नको." राघो मागे हात जोडून उभा होता. त्याला वाटलं आपणही काही म्हणावं, म्हणून तो खणखणीत आवाजात "हा" म्हणाला, आणि समोरच्या खोलीतलं पोर झोपेतून उठलं.

रविवारी उजाडताच पाला काढला. किलोभर वाळका पाला म्हणजे ओला किती, हे त्या दोघांना ओट्यावर ढीग पडल्यावर कळलं. आणि सावली म्हणजे काय, हे दुपारी कळलं. चैत्राच्या उन्हात गोडादऱ्यात सावली असते ती फक्त घरात, आणि घर होतं दहा बाय बाराचं. पोरी सुट्टीत गावी गेल्या होत्या ते बरंच झालं. प्रमिलाबाईने जमिनीवर पाला पसरला, खाटेवर पसरला, खाटेखाली पसरला, दोरीवर आडवी साडी टाकून तिच्या झोळीत पसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी रातपाळी करून राघो दारात आला तेव्हा त्याला पाऊल टाकायला जागा नव्हती.

"वर्षानी माय, मी आते कोठे झोपू?"

"पाला तुडवू नका. भिंतले टेकीसन बठा," प्रमिलाबाई म्हणाली, आणि तिने त्याला ताट तिथेच उंबऱ्यावर दिलं.

आठ दिवस राघो बसून झोपला. रोज दोनदा पाला खालीवर करायचा, पंखा लावायचा नाही, स्टोव्ह बाहेर पेटवायचा. राघोच्या केसांना, डब्यातल्या भाकरीला, लूमवर लावलेल्या शर्टाला निरगुडीचा वास येऊ लागला. शेजारचा कारागीर त्याच्यापासून दोन हात लांब उभा राहू लागला. पण पाचव्या दिवशी राघो लूमखाली सहज वाकला, धागा जोडला, उठला आणि उठल्यावर त्याच्या लक्षात आलं की गुडघा वाजला नाही. दिवसभर त्या पाल्यात बसून त्याचाच इलाज झाला होता. ही बातमीही त्याने हळूच सांगितली आणि ती सगळ्या गल्लीला कळली.

नवव्या दिवशी कुटायची वेळ आली. आता विडे नेवत्याचे होते, झाडाने स्वीकारलेले, म्हणजे ते झाडाचेच झाले. झाडाचं ते औषधाबरोबर जातं, वेगळं काढून टाकत नाहीत. प्रमिलाबाईने फांद्यांवरचे विडे सोडले. सुपाऱ्या तेवढ्या कुटल्या जाईनात म्हणून राघोच्या हातावर ठेवल्या. वाळलेली पानं आणि बावीस लवंगा पाल्याबरोबर खलात टाकल्या आणि सकाळपासून दुपारपर्यंत बत्ता चालवला. तिच्या तळहाताला दोन फोड आले. तिने काहीही मिसळलं नव्हतं. तिला कोणी देवीसमोर उभं करून विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं.

पाल्याची पिशवी काशिनाथच्या खांद्यावरून कॉलेजात गेली, आणि पुढचे दहा-बारा दिवस चाळीला रोज संध्याकाळी काशिनाथकडून बातम्या येऊ लागल्या. पाला पाण्यात घालून काचेच्या गोल चंबूत उकळतात, वाफ नळीतून वर जाते, गार होते आणि तिचं पाणी आणि तेल एका बारीक नळीत जमतं. आधीच्या पाच निरगुड्यांचं तेल पाण्यावर तरंगलं होतं. सहा नंबरचं तेल मात्र चक्रम निघालं. काही थेंब वर गेले, काही सरळ तळाला जाऊन बसले आणि दोन-तीन मधोमधच लटकून राहिले. तेलही पहिल्या पाचांपेक्षा जवळजवळ दुप्पट. अलका मॅडमनी चष्मा पुसून तीनदा पाहिलं. त्या तेलात त्यांनी लोहाच्या क्षाराचा थेंब टाकला तेव्हा ते निळंशार झालं. आधीची पाच झाली नव्हती.

दिलीप सर धावत आले. काचेच्या पट्टीवर तेलाचे डाग चढवले, फवारा मारला, आणि सरांनी एका डागावर बोट ठेवून जाहीर केलं की हे युजेनॉल आहे. निरगुडीत इतकं युजेनॉल त्यांनी कुठेच वाचलं नव्हतं. मग मात्र ते एकदम गप्प झाले. सरांना घशासाठी सतत तोंडात लवंग धरायची सवय होती आणि युजेनॉल हा लवंगेचाच अर्क. आपणच वाकून वाकून बघताना काही सांडलं असेल, अशी त्यांना शंका आली. माणूस प्रामाणिक होता. तीन दिवस त्यांनी प्रयोगशाळेत पाय ठेवला नाही. अलका मॅडमनी सगळी काच धुऊन पुन्हा उकळलं, आणि सर बाहेर व्हरांड्यात उभे राहून खिडकीतून विचारत राहिले. पुन्हा तेच आलं. लवंगेची शंका अशी शास्त्रीय पद्धतीने कायमची मिटली, आणि ती पिशवीत असेल असं त्यानंतर कोणाच्या मनातही आलं नाही. मॅडमना वास आला असता, पण त्यांचं नाक चोंदलेलं होतं. काशिनाथला वास येत होता, पण सरांच्या प्रयोगशाळेत तो वास त्याला बारा वर्षांपासून येत होता.

काशिनाथने घरी येऊन एवढंच सांगितलं की आपल्या निरगुडीत युजेनॉल निघालं. तो शब्द त्याने इतक्या रुबाबात उच्चारला की अर्थ विचारायची कोणाची छाती झाली नाही.

दिलीप सर स्वतः स्कूटरवरून झाड बघायला आले. त्यांनी झाडाला हात लावला, मगनशेठशी हात मिळवला, आणि हे झाड अपूर्व आहे, याच्यावर परिषदेत निबंध वाचणार आहोत, असं लेटरहेडवर लिहून दिलं. मगनशेठने कागद उजेडाला धरून बघितला. दुसऱ्या दिवशी झाडाभोवती लोखंडी जाळी आली, जाळीला कुलूप आलं आणि वर पाटी आली: आ झाडने अडवुं नहीं, म्हणजे या झाडाला हात लावू नये. खाली मगनशेठचं नाव. शेड आता कुठे टाकायची ते नंतर बघू, असं तो म्हणाला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून आपल्या जमिनीत काय काय पिकतं ते सांगू लागला.

झाड वाचलं. प्रमिलाबाईने देवाला गूळ ठेवला. पण दोन दिवसांनी चाळीतल्या लोटूची आई गुडघा धरत पाल्याला आली तेव्हा प्रमिलाबाईला शेठच्या ऑफिसात किल्ली मागायला जावं लागलं. शेठ जेवायला गेला होता. ती तासभर ओसरीवर बसली. शेठ आला, त्याने किल्ली दिली आणि जास्त तोडू नका, महागडा माल आहे, असं बजावलं. सोळा वर्षं पाणी घातलेल्या झाडाला हात लावताना तिच्या मागे शेठचा माणूस उभा होता. ती घरी येऊन भाजी चिरत बसली आणि डोळ्यांतून पाणी आलं ते कांद्याचं नव्हतं, कारण भाजी दुधीची होती.

परिषदेआधी एकदा खात्री करायची म्हणून अलका मॅडमनी पुन्हा पाला मागवला, वाळवायला वेळ नव्हता म्हणून ओलाच. या वेळी शेठने स्वतः लक्ष घातलं. शुक्रवारी भरदुपारी त्याने भटूला जाळीत उतरवलं आणि त्याच्याकडून पोतंभर पाला ओरबाडून घेतला. भटू शेठच्याच कारखान्यात हमाल होता आणि त्याला झाड म्हणजे फांद्या एवढंच माहीत होतं. प्रमिलाबाई दारातून बघत होती. तिला मधे पडावंसं वाटलं, पण पाटीवर तिचं नाव नव्हतं.

चौथ्या दिवशी अलका मॅडम रिक्षाने एकट्याच आल्या. चेहरा उतरलेला. त्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या की तेल नेहमीसारखंच आलं, सगळं पाण्यावर तरंगतंय, एकही थेंब तळाला नाही. निळं काही होत नाही. निबंधाचं नाव छापून गेलंय आणि सर दोन दिवस जेवलेले नाहीत.

प्रमिलाबाईला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "तुम्ही त्याले बोलावंच नही," ती म्हणाली. "बिन बोलावता कोन येस, ताई?"

मॅडमनी विचारलं, बोलावलं नाही म्हणजे काय. मग प्रमिलाबाईने त्यांना नेवत्याची सगळी रीत पहिल्यापासून सांगितली. शनिवार, हळदकुंकू, अकरा फांद्या, अकरा विडे. विडे मग झाडाचेच होतात, म्हणून पाल्यातच कुटतात. मॅडम मान डोलवत ऐकत होत्या. एका जागी त्यांची मान थांबली.

"विड्याला टोचलं काय होतं?"

"लवंग. एकेकाले दोन दोन. तुमना मान म्हनीसन."

अलका मॅडमनी रुमाल काढला. प्रमिलाबाईला वाटलं सर्दी असेल, पण बाई रुमालात तोंड लपवून हसत होत्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. आठ वर्षांची नोकरी सांभाळून, सासूचं पथ्य सांभाळून त्यांनी हे काम चालवलं होतं, आणि त्यातला एकमेव नवा शोध बावीस लवंगांचा निघाला होता. त्यांनी प्रमिलाबाईला समजावून सांगितलं की ते तळाला बसलेलं तेल लवंगेचं.

प्रमिलाबाई निरक्षर होती, पण तिला सगळं एकदम समजलं. शेठचा कागद, जाळी, पाटी, सगळं त्या लवंगांवर उभं होतं. मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या की आपण गप्प राहिलो तर निदान आखाजी तरी टळेल. झाड वाचेल. सरांना काय सांगायचं ते त्या बघतील.

प्रमिलाबाईने स्टोव्हजवळची भांडी उगीचच सारखी केली. शेवटी ती म्हणाली, "झाडले खोटं पाडू नका, ताई. उद्या कोनी तुमनं पुस्तक वाचीसन दात दुखस म्हनीसन हाऊ पाला चावी. आराम पडाव नही, मंग शिव्या झाडले बसतीन."

राघो भिंतीला टेकून बसला होता. त्याला निम्मंच ऐकू आलं होतं. खात्री करून घ्यावी म्हणून त्याने हळूच विचारलं, "म्हनजे ते तेल लवंगनं व्हतं?" आणि त्या क्षणापासून गुपित राखण्याचा प्रश्नच उरला नाही. बाहेर नळावर हंडे थांबले.

अलका मॅडमनी शेठला नवा कागद दिला. त्यात खरं ते लिहिलं होतं: ही साधी निरगुडी आहे, गुणाला चांगली आणि बाकी पाचांसारखीच. शेठने तो वाचून घेतला, जाळी काढून भंगारवाल्याला दिली, पाटी उलटी करून ऑफिसातल्या खिडकीला लावली आणि आखाजीच्या सकाळी आठचा मुहूर्त कायम केला. कुऱ्हाड चालवायला भटू आणि लोटू.

आखाजीच्या आदल्या दिवशी राघो नाक्यावर तीनदा गेला आणि तीनदा पानं घेऊन आला. पानवाल्याने विचारलं लग्न कोणाचं आहे. प्रमिलाबाई दिवसभर दारात बसून विडे बांधत होती. सणाच्या सांजोऱ्यांचा रवा तसाच भिजत राहिला. संध्याकाळी तिने ते सगळे झाडाला लावले आणि प्रत्येकाला लावताना काहीतरी पुटपुटली. राघोने विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

सकाळी आठला शेठ आला, भटजी आले, कुऱ्हाडी आल्या. निरगुडीला पानांपेक्षा विडे जास्त दिसत होते. सगळी चाळ ओट्यांवर येऊन उभी होती, रातपाळीवाले न झोपता. लोटूने पहिली फांदी धरली आणि थबकला. प्रमिलाबाईला काल एकेका विड्यापाशी पुटपुटताना त्याने पाहिलं होतं, आणि कोणाच्या नावाचा विडा आहे हे विचारल्याशिवाय त्याला कुऱ्हाड उचलवेना.

"प्रमिलाबाई, हाऊ कोना शे?"

"तुनी मायना गुडघाना," प्रमिलाबाई दारातूनच म्हणाली. "तिना इलाज व्हयेपर्यंत झाडले थांब म्हनीसन सांगेल शे."

लोटूने फांदी सोडली. दुसरी धरली. ती त्याच्या सासऱ्याच्या पाठीची निघाली. भटूने पलीकडची धरली. ती त्याच्याच खांद्याची होती, जो तो कोणाला दाखवत नसे. मग चाळीनेच विचारायला सुरुवात केली. हा कोणाचा, तो कोणाचा. प्रमिलाबाईला एकेक पाठ होता. अठ्ठावीस खोल्यांतला एक सांधा तिने सोडला नव्हता. काशिनाथच्या मानेचा होता. अलका मॅडमच्या नाकाचासुद्धा होता. भटूने कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि तो त्या कुऱ्हाडीपासून जरा लांब जाऊन उभा राहिला, जणू ती दुसऱ्याचीच होती.

मगनशेठ तापला. तो पुढे झाला, आणि नवा जमाना, मुहूर्त, मजुरी, अंधश्रद्धा यांवर गुजरातीत जोरात बोलू लागला. बोलता बोलता त्याचा हात फांदीकडे गेला. हात रागात होता, पण सवय सवयीच्या जागी होती. त्याने समोरचा विडा ओढला, दोरा झटकला, विडा तोंडात घातला आणि बोलणं चालू ठेवलं. तीन-चार वाक्यं झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की चाळ एकदम शांत झाली आहे आणि भटजीसुद्धा त्याच्या गालाकडे बघत आहेत.

शेठ चघळायचा थांबला. "आ कोनो हतो?" त्याने विचारलं.

"तुमनाच," प्रमिलाबाई म्हणाली. "जिना चढताना कंबर धरतस ना तुम्ही, तिना."

शेठच्या कंबरेचं त्याने घरातसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं. त्याने तो घास गिळावा की थुंकावा याचा विचार केला. नेवत्याचा विडा थुंकणं कुठल्याच गावात चालत नाही, आणि हे गुजराती माणसाला सांगावं लागत नाही. त्याने गिळला. झाडाचं नेवतं शेठच्या पोटात गेलं, ते अठ्ठावीस खोल्यांनी पाहिलं. त्यानंतर तो बराच वेळ जागेची मापं काढत राहिला. शेवटी शेड तीन फूट सरकवली तर पावसाचं पाणी बाहेर जायला बरं पडेल, हे त्याला स्वतःलाच सुचलं. ते त्याने गवंड्याला मोठ्याने सांगितलं. मुहूर्त सव्वाआठला लागला.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी अलका मॅडम आल्या. सहा नंबर पहिल्यापासून तपासायचा होता. दिलीप सरांनी छापून गेलेलं निबंधाचं नाव रद्द केलं होतं आणि कबुलीचं पत्र स्वतः लिहिलं होतं. दोन दिवस त्यांनी लवंगही तोंडात धरली नव्हती. मॅडम झाडाजवळ जाऊन जरा घुटमळल्या, रस्त्याकडे बघून घेतलं, आणि पर्समधून एक पुडी काढली. आत पानाचा विडा होता, सुबक बांधलेला, दोऱ्याने.

प्रमिलाबाईने तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"लवंग लावली नाही," मॅडम म्हणाल्या. "मुद्दामच."

प्रमिलाबाईने झाडाकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मग विडा त्यांच्या हातात परत दिला, फांदी वाकवून धरली आणि त्यांना डोक्यावर पदर घ्यायला सांगितलं. मॅडमचा ड्रेस होता, पदर नव्हता. त्यांनी ओढणी घेतली.